घरच्या घरी म्हणजे कुणाच्या जिवावर?

करोनाच्या दिवसांबद्दल बोलायची आता एक ठरलेली पद्धत होऊन बसली आहे. 'दिवस वाईट होते, पण कुटुंबं एकत्र आली. देवळं बंद झाली, पण देव घरात आला. लोकांची श्रद्धा वाढली.' हे मी व्याख्यानांत ऐकलं, लग्नाच्या मांडवात ऐकलं, आणि चर्चच्या व्यासपीठावरून तर इतक्यांदा ऐकलं की पुढचं वाक्य मला आधीच पाठ असतं. या बोलण्याशी मला भांडायचं आहे. ते सगळं खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. ते अर्धं आहे. देव घरात आला असेल. पण त्याच्यासाठी घर कुणी झाडलं, पाहुण्यासारखी त्याची आणि त्याच्या भक्तांची ऊठबस कुणी केली, आणि तो पुन्हा चर्चमध्ये परत गेल्यावर त्या बाईला कुठे बसवलं, हे कुणी सांगत नाही. ते सांगायचं काम आपलंच आहे.

मी मराठी ख्रिस्ती बाई. माहेर आणि सासर दोन्ही नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात. २०१७ साली, लग्नाला नऊ वर्षं झालेली आणि मुलगी सात वर्षांची असताना, मी पुण्याच्या एका सेमिनरीत नाव घातलं. ज्या मैत्रिणींना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते : सेमिनरी म्हणजे पाळक होण्याचं शिक्षण देणारं महाविद्यालय. तिथे हिब्रू आणि ग्रीक शिकावं लागतं, मंडळीचा इतिहास, पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावायचा, संदेश कसा द्यायचा, आजारी आणि दुःखी माणसाजवळ कसं बसायचं, हे सगळं शिकवतात. या कामासाठी देवाने आपल्याला बोलावलं आहे अशी मनाची खात्री झालेली माणसं तिथे येतात. त्याला आम्ही 'पाचारण' म्हणतो. पुरुषाला पाचारण झालं की घर पेढे वाटतं. बाईला झालं की घर विचारतं, 'मग पोरीचं कोण बघणार?'

आमच्या घरात पाचारण झालेली माणसं दोन होती. मी, आणि माझ्यामागे एका वर्षाने त्याच सेमिनरीत आलेले माझे धाकटे दीर. मार्च २०२० च्या मध्यात महाविद्यालयं बंद झाली, वसतिगृहं रिकामी करायला सांगितली, आणि आम्ही दोघं एकाच एसटीने घरी आलो. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. म्हणजे एक घर, एक सेमिनरी, दोन विद्यार्थी. प्रयोगशाळेतसुद्धा इतका स्वच्छ प्रयोग मांडता आला नसता!

काय झालं ते सांगते. भाऊजींना पुढची खोली मिळाली, कारण त्यांचे ऑनलाइन वर्ग असायचे. माझेही असायचे. घरातला चांगला फोन त्यांच्याकडे राहिला, कारण 'त्याला नोट्स उतरवायच्या असतात.' ते डोळे मिटून बसले की सासरे मुलीला दटावायचे, 'काका प्रार्थनेत आहेत, आवाज करू नको.' मी कणीक मळता मळता ग्रीक क्रियापदं पाठ करत असले की तेच मायेने म्हणायचे, 'अगं, काय पुटपुटतेस एकटीच?' तीन महिन्यांत त्यांचे दोन निबंध पूर्ण झाले. माझा एक अर्धा राहिला, तो मी रात्री साडेअकरानंतर मोरीच्या दिव्याखाली बसून पुरा केला, कारण तो दिवा लावला तर कुणाची झोपमोड होत नव्हती.

भाऊजी वाईट माणूस नाहीत, हे मुद्दाम सांगते. मला त्यांनी कधी उलट शब्द बोललेला नाही. वाईट माणसाची गोष्ट सांगणं सोपं असतं; ऐकणारा म्हणतो, 'हो बाई, काही घरं असतात तशी.' पण इथे कुणीच वाईट नव्हतं. सगळी प्रार्थना करणारी, देवभीरू, प्रेमळ माणसं. त्यांच्या प्रेमातच कामाची वाटणी आधीपासून झालेली होती. एकाचं पाचारण हे काम आणि दुसरीचं पाचारण ही हौस, हे कुणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं.

आणि हे आमच्याच घरात नव्हतं. सरकारच्याच सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली, म्हणजे करोना यायच्या आधी, देशभर पाहणी केली होती की माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटं. तेही जे पुरुष करतात त्यांचा. कारण पाहणीत अशा कामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६ निघाले, बाया ८१. हे सगळं शाळा, कचेऱ्या, खानावळी सुरू असताना. मग चोवीस तास सगळी माणसं घरात आल्यावर त्या २९९ चं काय झालं असेल, याला पाहणीची गरज नाही. आपण तिथेच होतो.

भाकर कुणी भाजली?

आता श्रद्धेकडे वळते. टाळेबंदीतला आमचा पहिला मोठा सण एप्रिलमध्ये आला. १० एप्रिलला उत्तम शुक्रवार, १२ एप्रिलला पुनरुत्थानाचा रविवार. चर्चला कुलूप. पाळकसाहेब फोनवरून उपासना चालवायचे आणि आम्ही घरात बसून सामील व्हायचो. त्या वेळी ख्रिस्ती मंडळ्यांत जगभर एक वाद पेटला होता : पडद्यावरून प्रभुभोजन देता येतं का? पाळक तिकडे, भाकर इकडे. मग इतक्या लांबून उच्चारलेल्या आशीर्वादाने ती भाकर पवित्र होते का? यावर लेख लिहिले गेले, चर्चा झडल्या. आमच्या सेमिनरीतल्या मुलांनीही त्यावर हिरिरीने मतं मांडली.

त्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ती भाकर भाजली कुणी? काळे मनुके रात्री भिजत घालून, उकळून, गाळून तो रस कुणी केला? लहान पेले घासून पुसून पांढऱ्या कापडावर कुणी मांडले? घरोघर बायकांनी. म्हणजे वेदी आम्ही मांडायची, वेदीवरचं अन्न आम्ही रांधायचं, आणि घरात एक शिकलेली, त्याच कामाचं शिक्षण घेणारी बाई हजर असताना आशीर्वादासाठी मात्र नेटवर्क यायची वाट बघायची! एकदा ते आलंच नाही. तेव्हा सासऱ्यांनी प्रार्थना केली आणि भाकर मोडली. तेही दीक्षित पाळक नव्हते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले कारकून होते. पण घरातले वडीलधारे पुरुष होते, आणि तेवढी पात्रता पुरली.

हे ख्रिस्ती लोकांचं अंतर्गत प्रकरण आहे असं म्हणून कुणी मैत्रीण पान उलटणार असेल तर तिने जरा थांबावं. त्याच वर्षी आषाढीला, १ जुलै २०२० ला, पंढरपूरला पायी वारी गेली नाही. पादुका एसटीने गेल्या आणि वारकऱ्यांना सांगितलं गेलं की घरातूनच दर्शन घ्या. गणपती घरच्या घरी, ईद घरच्या घरी, नाताळ घरच्या घरी. 'घरच्या घरी' हे शब्द सरकारी पत्रकापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते. माझं विचारणं एवढंच आहे : घरच्या घरी म्हणजे कुणाच्या जिवावर? मोदक कुणी वळले, शीरखुर्मा कुणी आटवला, सोवळं कुणी सांभाळलं? पुण्यात स्त्रियांना पौरोहित्य शिकवणाऱ्या संस्था किती तरी वर्षं काम करत आहेत. पण घरात आई आणि सुना असताना आरतीचं तबक कुणाच्या हातात गेलं, हे प्रत्येकीने आपापल्या घरात आठवून बघावं.

घरातल्या मंडळीचा जुना इतिहास

घर हेच देवाचं मंदिर, अशी गोड प्रवचनं त्या काळात खूप झाली. यातली गंमत अशी की ख्रिस्ती मंडळी सुरूच मुळी घरांतून झाली. आणि ती घरं कुणाची होती? नवा करार उघडून बघा. फिलिप्पैमध्ये पहिली मंडळी जमली ती जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियाच्या घरी. यरुशलेमात तुरुंगातून सुटलेला पेत्र गेला तो योहान मार्काच्या आईच्या, मरीयेच्या घरी; तिथे बरेच लोक प्रार्थनेला जमलेले होते. नुंफेच्या घरी मंडळी भरे. प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी मंडळी भरे, आणि पौल बहुतेक वेळा त्यात बायकोचं नाव आधी घेतो. किंख्रियाच्या फीबीबद्दल तो 'डायाकोनॉस' हा शब्द वापरतो. तोच शब्द तो स्वतःबद्दलही वापरतो. आमच्या मंडळ्यांत मात्र हा शब्द पुरुषाला लागला की ते पद होतं आणि बाईला लागला की ती सेवा होते.

यावर हमखास उत्तर येतं : पौलानेच लिहिलं आहे ना, की स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं? लिहिलेलं आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रियांनी प्रार्थना करताना आणि संदेश देताना डोकं झाकावं की नाही याची चर्चा आहे. ज्या बाईने तोंडच उघडायचं नाही तिने बोलताना डोक्यावर काय घ्यावं, याचा खल पौल कशाला करत बसेल? हे मला सेमिनरीत शिकवलं. परीक्षेत त्यावर चांगले गुणही दिले. फक्त मंडळीत ते बोलून दाखवायची सोय नाही.

ज्यांना घरात आसरा नव्हता

'कुटुंब एकत्र आलं' या गोड वाक्याखाली आणखी एक गोष्ट दडपली गेली. काही घरांत एकत्र येणं म्हणजे मारणाऱ्याबरोबर कोंडलं जाणं होतं. राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी घरगुती हिंसेच्या तक्रारींसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा वेगळा क्रमांक सुरू केला, कारण बाहेर पडायची सोय नाही. त्या वर्षात आयोगाकडे सगळ्या प्रकारच्या मिळून २३ हजारांवर तक्रारी आल्या. त्याआधीच्या पाच वर्षांत एवढ्या कधी आल्या नव्हत्या. ज्यांच्या हातात फोनच नव्हता त्या यात नाहीत.

मला त्या दिवसांत आमच्या मंडळीतल्या बायकांचे फोन येऊ लागले. पाळकांना न करता मला, कारण 'साहेब यांनाच समजावून सांगतील आणि मग हे मला बघून घेतील.' मोरीत पाणी सोडून, त्या आवाजाच्या आडून त्या बोलायच्या. एकीला नवऱ्याने मारलं होतं आणि त्याच रविवारी तिने फोनवर संदेश ऐकला होता : प्रत्येकाने आपापला वधस्तंभ उचलावा, घरात शांती राखावी. ती मला विचारत होती, 'ताई, माझा वधस्तंभ हाच का?' मी तिला म्हटलं, नाही. वधस्तंभ येशूने स्वतः निवडून उचलला होता. तुझ्या पाठीवर दुसऱ्याने मारलेले वळ हा वधस्तंभ नाही, तो गुन्हा आहे. मी तिला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा समजावून सांगितला, राहत्या घरात राहायचा तिचा हक्क सांगितला, १८१ हा क्रमांक दिला. माझ्या लेखी ते पाळकाचंच काम होतं. व्यासपीठावर बाई असती तर पहिला संदेशच वेगळा गेला असता, असा माझा दावा आहे.

साथ आली की पुढे, साथ गेली की मागे

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सहा दिवसांत गेल्या. घरात नवरा आणि दीर दोघंही आजारी, सासरे ऑक्सिजनवर, पाळकसाहेब स्वतः दवाखान्यात. कबरस्थानात पालिकेची चार माणसं आणि मी. अंगावर तो प्लास्टिकचा पोशाख, चष्म्यावर वाफ धरलेली, पुस्तकातली अक्षरं दिसेनात. दफनविधीचं शास्त्रवाचन मी तोंडपाठ म्हटलं, प्रार्थना केली, मूठभर माती टाकली. माझ्या पाचारणावर घरात पहिला विश्वास ठेवला तो आत्यांनी. माझी मुलगी त्यांनीच सांभाळली. त्यांना निरोप द्यायचा मान मला मिळाला. पुढच्या महिन्याभरात आणखी तीन घरांनी मला कबरस्थानात बोलावलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की बाईने विधी केलेला चालतो का. बाईचा आवाज देवापर्यंत पोचतो की नाही, ही शंका त्या महिन्यात कुणालाच आली नाही.

त्याच वर्षी मी पदवी घेतली. ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. आमचंही चर्च उघडलं, झाडलं, फुलं लावली. झाडण्यात मी होते. पहिल्या रविवारचा संदेश द्यायला कमिटीने भाऊजींना बोलावलं. त्यांचं शेवटचं वर्ष अजून व्हायचं होतं. मला सांगितलं, 'ताई, तुम्ही महिलांच्या रविवारी बोला की!' वर्षातून एक रविवार. भाऊजींना २०२३ साली दीक्षा मिळाली. माझा अर्ज आजवर तीनदा गेला. मला मानधनावर 'महिला कार्यकर्ती' नेमलं आहे आणि ते मानधन त्यांच्या पगाराच्या निम्म्याहून कमी आहे. आमच्या घटनेत स्त्रीला दीक्षा द्यायला बंदी नाही. बंदी नसूनही न देणं, ही बंदीची अधिक सोयीची जात आहे. तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची तेच कळत नाही.

साथ आली की बाईला पुढे काढायचं आणि साथ सरली की मागे ढकलायचं, ही रीत आपल्याकडे नवी नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. त्याच साली पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या वृत्तपत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांचे काय हाल होतात ते चव्हाट्यावर मांडलं. या रमाबाईंना तर धर्माच्या अधिकाऱ्यांचा अनुभव आधीच आला होता. इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांना शिकवावं असं निघालं, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली; बाईने पुरुषांना शिकवलं तर पुढे हिंदुस्थानात तिची पत राहणार नाही म्हणे! रमाबाईंनी ते मुकाट ऐकून घेतलं नाही. पुढे त्याच बाईने केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकमधून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. आज आमच्या चर्चमध्ये त्यांची तसबीर आहे. तसबीर लावायला कुणाचीच हरकत नसते, कारण तसबीर दीक्षेचा अर्ज करत नाही.

'हळूहळू होईल, समाजाला वेळ द्या,' असं मला सांगतात. किती वेळ? चर्च ऑफ साउथ इंडियाने १९७६ साली पहिल्या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली आणि २०१३ साली नंद्यालला पहिली स्त्री बिशप नेमली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली आपल्या नागपुरातच स्थापन झालं. तिथे पहिली स्त्री बिशप व्हायला २०२४ उजाडलं. कॅथलिक बहिणींसाठी तर १९९४ साली पोपनी पत्र काढून दारच लावून घेतलं. २०२१ च्या जानेवारीत, ऐन साथीत, स्त्रियांना उपासनेत शास्त्रवाचन आणि वेदीजवळची मदत ही कामं रीतसर नेमणुकीने करायची परवानगी मिळाली. जी कामं त्या कित्येक ठिकाणी आधीपासून करतच होत्या! म्हणजे काम आधी, मान्यता नंतर, आणि अधिकार विचारूच नका.

तेव्हा मला काय हवं आहे ते स्पष्ट मांडते. एक, सेमिनरीत शिकणाऱ्या बाईच्या घराशी तिच्या मंडळीने आणि महाविद्यालयाने बोलावं. घरकाम हा तिचा खाजगी प्रश्न मानू नये. दोन, दीक्षेच्या अर्जावर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावं आणि नकार असेल तर कारण लिहावं. 'घरचं कोण बघणार' हे कारण चालणार असेल, तर ते पुरुषालाही विचारावं. तीन, सारख्या कामाला सारखा पगार. देवाच्या घरात तरी ही गोष्ट मागायला लागू नये. चार, मारहाण सोसणाऱ्या बाईला शांतीचा उपदेश करणं बंद करावं आणि प्रत्येक पाळकाला घरगुती हिंसेचा कायदा शिकवावा.

'मग सोडून का देत नाहीस असला धर्म?' असं चळवळीतल्या काही मैत्रिणी विचारतात. त्यांना माझं उत्तर असं आहे : घरात मारहाण झाली म्हणून बाईनेच घर सोडावं, असं आपण म्हणत नाही. घरावर तिचा हक्क आहे असं म्हणतो. चर्चवर माझा हक्क तितकाच आहे. पुढची साथ कधी तरी येईलच, आणि तेव्हा आम्हाला पुन्हा बोलावणं येईल. तोपर्यंत स्वस्थ बसायचा आमचा विचार नाही. तुमच्या देवळात, मशिदीत, विहारात, गुरुद्वारात काय घडलं ते तुम्हीही लिहून पाठवा. अर्ध्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग आपण सगळ्या मिळून पुरा करू.